आधी खरकट्याची बादली बघा

शाळेतल्या खाण्यापिण्यावर बरीच पत्रं आली. त्यातली काही इथे माझ्या उत्तरांसह घेतली आहेत. नावं मुद्दाम गाळली आहेत.

आमच्या शाळेत 'पौष्टिक आहार सप्ताह' साजरा झाला. तक्ते, भाषणं, चित्रकला स्पर्धा, सगळं झालं. पुढच्याच सोमवारी मुलं पुन्हा वेफर्सची पाकिटं फोडत बसलेली. आमचं कुठे चुकलं? (मुख्याध्यापिका)

चुकलं काही नाही, सप्ताह संपला एवढंच. पालेभाजी चांगली आणि वेफर्स वाईट हे मुलांना तोंडपाठ असतं. परीक्षेत विचारलंत तर पैकीच्या पैकी मार्क मिळवतील. गाडी अडते ती दुसरीकडेच. भूक लागली त्या क्षणी हाताशी काय आहे, बसायला जागा आहे का, घंटा व्हायला किती मिनिटं उरलीत, यावर सगळं ठरतं.

मी शाळेत गेले की तक्ते नंतर बघते. जेवण संपल्यावर आधी खरकट्याची बादली बघते. एका शाळेत त्या बादलीत सगळ्यात वर सफरचंदं होती, जवळजवळ अख्खी, एकेक घास घेतलेली. 'मुलांना फळं आवडतच नाहीत,' असं शिक्षकांचं मत. दुसऱ्या दिवशी मी पहिलीतल्या एका मुलासमोर बसले. त्याचे पुढचे दोन्ही दात पडलेले. सफरचंद दोन्ही हातांनी धरून, मान वाकडी करून त्यानं बाजूच्या दातांनी एक लचका तोडला, तो बराच वेळ चघळला आणि सफरचंद ठेवून दिलं. स्वयंपाकघरातल्या बाईंनी फोडी करून द्यायला सुरुवात केली, तशी छोट्यांची सफरचंदं बादलीत यायची जवळपास थांबली.

मोठ्या वर्गांत मात्र फोडींनी काही फरक पडला नाही. तिथलं दुखणं वेगळं होतं. रांगेत उभं राहून, हात धुऊन, जागा पकडेपर्यंत निम्मी सुट्टी संपायची. मग मूल जे सगळ्यात पटकन गिळता येतं तेच खातं, आणि भाजी-फळं काही पटकन गिळता येत नाहीत. अमेरिकेतली सीडीसी ही आरोग्यसंस्था सांगते की ताट घेऊन बसल्यावर किमान 20 मिनिटं मिळायला हवीत. रांगेचा वेळ त्यात धरायचा नाही. शक्य असेल तर खेळ आधी आणि जेवण नंतर ठेवून बघा. खेळायला पळायचं डोक्यात असलं की मुलं अर्धं ताट टाकून उठतात.

तेव्हा पुढच्या सप्ताहाऐवजी पाच दिवस एक वही ठेवा. कोणता पदार्थ परत आला, कोणत्या वर्गातून आणि अंदाजे किती: सगळा, निम्मा की थोडा. तराजू लागत नाही. त्यातली एकच गोष्ट निवडा, बदला आणि पुन्हा बघा.

वसतिगृहाच्या स्वयंपाकघराची जबाबदारी माझ्याकडे आहे. 'संतुलित आहार द्या' असं सगळे सांगतात. रोज दोनशे ताटं मोजून वाढणार कोण?

मोजू नका, ताट डोळ्यांनी वाटा. हार्वर्डच्या तज्ज्ञांनी 2011 मध्ये एक साधं चित्र मांडलं: निम्मं ताट भाज्या आणि फळं, पाव ताट धान्य (शक्यतो अख्खं, कोंड्यासकट), उरलेलं पाव प्रथिनं, म्हणजे डाळी, कडधान्यं, अंडी, मासे वगैरे. त्यात एक मेख आहे: बटाटा भाजीत धरलेला नाही. स्वयंपाकघराचं निम्मं गणित इथेच फिरतं, कारण बऱ्याच ठिकाणी 'भाजी' म्हणून ताटात बटाटाच असतो. बटाट्याशी माझं वैर नाही. त्याला धान्याच्या जागेवर बसवा, इतकंच.

फिनलंडमध्ये 1948 पासून सगळ्या शाळकरी मुलांना फुकट जेवण मिळतं. तिथे वाढपाच्या सुरुवातीलाच एक नमुन्याचं ताट वाढून ठेवायची पद्धत आहे. मूल ते बघतं आणि स्वतःचं ताट त्या अंदाजानं भरतं. ही युक्ती मला भाषणापेक्षा कितीतरी पटीनं आवडते. तुमच्याकडे उद्यापासून करता येईल.

आकडा हवाच असेल तर घ्या. जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 मध्ये सांगितलेलं प्रमाण असं: 6 ते 9 वर्षांच्या मुलांना दिवसाला किमान 350 ग्रॅम भाज्या-फळं, 10 वर्षांपुढे 400 ग्रॅम. तुमच्याकडे तिन्ही वेळचं जेवण असतं, म्हणजे प्रत्येक वेळेला सव्वाशे-दीडशे ग्रॅम धरा.

आणि दर ताट परिपूर्ण असण्याचा हट्ट सोडा. हिशोब आठवड्याचा करा. मंगळवारी भाजी कमी पडली तर बुधवारी भरून काढा. ताटाच्या चित्रात मीठ मात्र दिसत नाही, त्याकडे वेगळं लक्ष द्यावं लागतं. मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. मुलांना त्याहून कमी. एकदम कमी केलंत तर बंड होईल. दर पंधरवड्याला चिमूटभर काढत गेलात तर कुणाच्या जिभेला पत्ता लागत नाही. थोडं लिंबू पिळलं की काम आणखी सोपं होतं.

मुलीचा डबा रोज निम्मा परत येतो. घरी हेच पदार्थ ती व्यवस्थित खाते. रागावून, समजावून झालं. (वडील)

रागावण्याआधी तिला तो डबा तुमच्यासमोर उघडायला सांगा. अगदी खरंच सांगते. घट्ट झाकण उघडता येत नाही आणि बाईंना सांगायची लाज वाटते, म्हणून उपाशी राहिलेली मुलं मी पाहिली आहेत. झाकण उघडलं तरी आत काय होतं तेही बघा: गरम भरून लगेच बंद केल्यामुळे घाम सुटून सगळं लिबलिबीत झालेलं, वास कोंडलेला. घरी ताटात गरम खाल्लेला पदार्थ चार तासांनी वेगळाच झालेला असतो. तुम्ही स्वतः एकदा तोच डबा भरून दुपारी खाऊन बघा.

दुसरं, भूक बघून भरा, आईबापाची माया बघून नाही. लहान डबा संपला की मुलालाही बरं वाटतं. आणि नवा पदार्थ डब्यात पहिल्यांदा कधीच देऊ नका. त्याची ओळख घरी होऊ द्या, चमचाभर, आग्रह न करता. मुलांच्या आवडीनिवडींवर आयुष्यभर संशोधन करणाऱ्या लिअन बर्च या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ. त्यांच्या आणि त्यांच्यासारख्यांच्या कामातून दिसतं की नवी चव अंगवळणी पडायला मुलांना साधारण आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही ती चाखावी लागते. आपण तिसऱ्या वेळेला 'हिला आवडत नाही' म्हणून हात टेकतो.

वर्गात चांगलं उत्तर दिलं की मी गोळ्या-चॉकलेटं देते. एका पालकांनी हरकत घेतली. एवढ्याशा गोळीनं काय होतं?

गोळीनं फारसं काही होत नाही, बक्षीस म्हणून दिल्यानं होतं. बर्च यांच्याच प्रयोगांत दिसलं की जो पदार्थ बक्षीस म्हणून मिळतो तो मुलांना आधीपेक्षा जास्त हवासा वाटू लागतो. 'भाजी संपव, मग चॉकलेट' याचा अर्थ मूल बरोबर लावतं: भाजी ही शिक्षा. तुम्ही हौसेनं देता हे कळतं. त्याऐवजी आवडीच्या जागेवर बसायला द्या, गोष्ट निवडू द्या, पाच मिनिटं जास्त खेळू द्या. मुलांना यातलं काहीही चालतं, हा माझा अनुभव.

शाळेचं उपाहारगृह मी चालवतो. पालक म्हणतात सगळं तळलेलं, गोड बंद करा. मग मुलं गेटाबाहेर जाऊन तेच घेतील आणि मी कुलूप लावू. मार्ग सांगा.

तुमची भीती खरी आहे. नुसत्या बंदीनं पाकिटं दप्तरातून आत येतात. म्हणून सगळ्या आघाड्यांवर एकदम लढू नका.

पहिली आघाडी गोड पेयांची, आणि तिथे मी पूर्ण बंदीच्या बाजूनं आहे. हिशोब बघा. 330 मिलीलीटरच्या कोलाच्या डब्यात साधारण 35 ग्रॅम साखर असते, म्हणजे आठ-नऊ चमचे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर, मध, सरबतं आणि फळांचा रस यांतून मिळणारी साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या 10 टक्क्यांच्या आत हवी, 5 टक्क्यांच्या आत असली तर उत्तम. दिवसाला 1600 कॅलरी लागणाऱ्या मुलाला ही मर्यादा 40 ग्रॅम, उत्तम म्हटली तर 20. एका डब्यात दिवसाचा कोटा जवळजवळ खलास, आणि पोट भरलं का? नाही. पिण्याच्या पाण्याची सोय मात्र आधी करा, स्वच्छ, गार आणि फुकट. नळाला रांग आणि फ्रिजमध्ये कोला अशी स्थिती असेल तर मुलांना दोष देता येणार नाही. 'डाएट' पेयांनी जागा भरू नका. वजन आटोक्यात ठेवायला साखरेऐवजी कृत्रिम गोडवा वापरू नये, असाच या संघटनेचा 2023 चा सल्ला आहे.

तळलेल्यावर मी एवढी कडक नाही. आठवड्यातला एक दिवस ठरवून ठेवा, सगळ्यांना माहीत असू द्या. बाकीचे दिवस मांडणी बदला: गल्ल्याजवळ, डोळ्यांच्या उंचीवर कापलेली फळं, उकडलेली अंडी, भाजलेले शेंगदाणे (ॲलर्जीचं मूल नसेल तर). पाकिटं मागच्या फळीवर, मागितली तर द्यायची. आणि नवा पदार्थ आणण्याआधी दहा मुलांना चव बघायला बोलवा. त्यांनी निवडलेलं खपतं.

मी नववीत आहे. सकाळी काही खाववत नाही. तिसऱ्या तासाला डोकं दुखतं, दम लागतो. मैत्रिणी डाएट करतात, मी पण करू का?

नको करूस. तुझ्या वयात शरीर बांधकामाच्या ऐन मध्यावर आहे, आणि बांधकामाच्या वेळी सामान कमी करत नाहीत.

सकाळी पोट तयार नसेल तर उठल्या उठल्या खायची सक्ती नाही. एक केळं किंवा कपभर दूध घे आणि उरलेली न्याहारी डब्यात घेऊन पहिल्या सुट्टीत खा. रात्रीचं जेवण थोडं लवकर झालं की सकाळची भूक आपोआप लागते.

दम लागतो म्हणतेस, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आईबाबांना सांगून हिमोग्लोबिन तपासून घे. तुझ्या वयाच्या मुलींमध्ये ते 12 च्या खाली गेलं तर त्याला रक्तक्षय म्हणतात. पाळी सुरू झाल्यावर मुलींची लोहाची गरज वाढते. 14 ते 18 वयात अमेरिकी मानकांप्रमाणे मुलांना दिवसाला 11 मिलीग्रॅम लोह लागतं, मुलींना 15. डाळी, कडधान्यं, पालेभाज्यांतलं लोह शरीर कंजूषपणे घेतं. सोबत लिंबू, संत्रं, टोमॅटो असं 'क' जीवनसत्त्वाचं काही असलं की जास्त घेतं. जेवणाबरोबर चहा घेतलास तर उलटा परिणाम होतो. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

मी खेळाचा शिक्षक. जागरूकता यावी म्हणून सगळ्यांची वजनं घेऊन वर्गात यादी लावली. दोन मुलं शाळेत यायला कां-कूं करतायत.

यादी आजच काढा. उद्या नाही. हेतू चांगला होता, पण मुलांनी त्यात फक्त चिडवायला नवीन सामान शोधलं असणार. कॅलिफोर्नियातल्या शाळांत हजारो मुलांवर झालेल्या अभ्यासात, पालकांना नुसता वजनाचा अहवाल घरी पाठवूनही मुलांची वजनं सुधारली नाहीत. मुलांचं स्वतःच्या शरीराबद्दलचं समाधान मात्र घटलेलं दिसलं. वजन-उंची मोजायचीच तर पडद्याआड मोजा आणि आकडा पालकांशी एकांतात बोला, तोही डॉक्टरांना दाखवायची गरज वाटली तरच. त्या दोन मुलांना स्वतः भेटा. माफी मागायला हरकत नाही, शिक्षकानं मागितलेली माफी मुलं विसरत नाहीत.

वर्गात एका मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. 'थोडंसं' चालत असेल ना?

नाही. थोडंसंही नाही. पालकांकडून डॉक्टरांनी लिहून दिलेला आराखडा घ्या. तीव्र ॲलर्जीत तातडीनं द्यायचं ॲड्रेनलिनचं इंजेक्शन त्यांनी लिहून दिलेलं असेल तर ते कपाटाच्या कुलपात नको, पटकन हाती येईल असं ठेवा, आणि ते कसं द्यायचं हे दोघा-तिघांना शिकवून ठेवा. डबे वाटून खाणं त्या वर्गापुरतं बंद. पण त्या मुलाला कोपऱ्यात एकट्याला बसवू नका.

फळं कापण्यात वेळ जातो. त्याऐवजी ताजा रस दिला तर? (पालक-शिक्षक संघ)

रस काढला की चोथ्याबरोबर तंतू गेले आणि चावणंही गेलं. राहिली बरीचशी साखर, वरच्या हिशोबात धरतात तीच. एका पेल्यात तीन संत्री सहज जातात. तीन संत्री चावून खायला सांगा बरं एखाद्या मुलाला. फळच द्या. संत्र्याची साल सोलणं छोट्यांना जमत नाही, तेव्हा वरून अंगठ्यानं थोडी सुरू करून द्या. बाकीची साल पोरं सोलतात, आणि हात चिकट होतात म्हणून खूशही असतात.