चार गायी घेऊ का?

प्रश्न: मुंबईची नोकरी संपवून गावी आलोय, कराड तालुका, दोन एकर बागायत, त्यातल्या दीड एकरात ऊस. घरी मी आणि मंडळी दोघंच. चार एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, जास्त दुधाच्या विदेशी जातीच्या) गायी घ्यायचं मनात आहे, व्यापारी एक वीस लिटरची गाय दाखवतोय. चाऱ्याला उसाचं वाढं (शेंड्याचा हिरवा पाला) आहेच. गोठा आधी बांधू की गायी आधी आणू?
– एक वाचक

उत्तर: दादा, दोन्ही नको. आधी चारा लावा. वाढ्याच्या जिवावर गाय आणू नका हो, मनापासून सांगते. वाढ्यात ऑक्झॅलेट असतं, ते कॅल्शियम धरून ठेवतं, मग जनावर आतून पोकळ होत जातं, दूध घटतं, माजावर येईना होतं आणि आपण डॉक्टरच्या मागं पळत बसतो. थोडं वाढं चालेल, त्यावर चुन्याची निवळी शिंपडा आणि मिनरल मिक्श्चर रोज द्या, पण पोटभर वाढंच घालायचं हे नकोच.

एका गायीला दिवसाला वीस-पंचवीस किलो ओला आणि पाच-सहा किलो सुका चारा लागतो. म्हणजे गायीमागं साधारण दहा गुंठे धरा, त्यात जास्त संकरित नेपिअर गवत (त्यातला फुले जयवंत वाण चांगला येतो) आणि बाकी लसूणघास. रिकामा अर्धा एकर म्हणजे वीस गुंठे, हिशोब तिथंच झाला की, दोन गायी! नेपिअरची दोन डोळ्यांची कांडी तीन बाय दोन फुटांवर लावा, पहिली कापणी दोन-अडीच महिन्यांनी येते, तोवर साधा मुक्त गोठा (गायी न बांधता मोकळ्या फिरतील असं कुंपणाचं आवार) करून घ्या, आरसीसीत पैसा घालू नका. कुट्टी मशीन मात्र घ्याच, अख्खा चारा टाकला की गाय पानं खाते आणि दांडे तुडवते.

वीस लिटरची गाय ऐकायला छान वाटते, पण लिटरमागं चारशे ग्रॅम खुराक आणि वर शरीराला एक-दीड किलो, म्हणजे रोजचा साडेनऊ किलोच्या आसपास गेला, शिवाय उन्हाळ्यात तिला धाप लागते ते वेगळंच. तुम्हाला दहा-बारा लिटरची, दुसऱ्या वेताची संकरित गाय बरी. घेताना सलग तीन वेळा समोर धार काढून बघा, व्यापारी कधीकधी दूध तुंबवून एकाच वेळी दाखवतात. चारही सड स्वतः पिळा, गाठ किंवा दुधात कण दिसले तर तिथूनच मागं फिरा.

आणि धार दोघांनाही काढता आली पाहिजे, नाहीतर एकजण लग्नाला गेला की दुसऱ्याची पंचाईत. माज सकाळी दिसला तर संध्याकाळी रेतन करा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, हा माज चुकला की एकवीस दिवस गेले. लाळ्या-खुरकूतची लस वर्षातून दोनदा, घटसर्प-फऱ्याची पावसाळ्याआधी, लम्पीचीही (अंगावर गाठी येणारा रोग) घ्या, 2022 ला काय झालं ते गावात कुणालाही विचारा. गाय घेताना कानातला बिल्ला बघून त्यावर लशींची नोंद आहे का ते दवाखान्यात तपासून घ्या, पैसे त्यानंतरच द्या.