तारीख दहा आठवड्यांनी, कंबर मात्र आजच दुखतेय

"गावच्या डॉक्टरांनी मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथली तारीख ऑगस्टच्या मध्यावर मिळाली. तोवर बसून राहू, की दुखलं तरी रेटून काम करू?"

कोकणात जून लागला की समुपदेशनात हा प्रश्न हमखास येतो, कारण तारीख लांब असते आणि भातलावणी तोंडावर. त्याचं उत्तर एका वहिनींच्या उदाहरणाने देतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

वहिनी 47 वर्षांच्या, वेंगुर्ल्याकडच्या. कंबर 14 महिन्यांपासून दुखत होती. कळ डाव्या कुल्ल्यातून पोटरीपर्यंत उतरायची. एमआरआयमध्ये एल-फोर एल-फाइव्हमधली, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती फुगून नस दबल्याचं लिहिलेलं. खुर्चीच्या कडेला एका अंगावर कलून बसल्या आणि म्हणाल्या, "मणक्यात गॅप इली हा. आता पाय जातले. माका कायच जमणा नाय."

कुठल्याही सल्ल्याआधी काही गोष्टी विचारायच्याच असतात. लघवी अडते का, की नकळत होते? शौचावरचा ताबा गेलाय का? मांड्यांच्या आतली बाजू आणि बसायची जागा बधिर वाटते का? पाऊल उचलताना चप्पल निसटते का, दोन्ही पायांतली ताकद कमी होतेय का? यातलं काहीही नव्याने सुरू झालं तर तारखेची वाट पाहायची नाही. त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठायचं. गाडी नसेल तर 108. संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, पूर्वी झालेला कर्करोग किंवा पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं असेल, तरी डॉक्टरांकडे लगेच जायचं, कारण मणक्याचा क्षयही कंबरदुखीच्याच वेषात येतो. वहिनींना यातलं काही नव्हतं. हे सगळं कागदावर लिहून यजमानांनाही वाचायला दिलं. "पाय जातील" ही धास्ती नुसत्या धीराच्या शब्दांनी जात नाही. नेमकं कशाला घाबरायचं ते कळलं की बाकीच्या वेळी माणूस निवांत राहू शकतो.

मग 'गॅप'कडे वळलो. हा शब्द ऐकला की मणके सुटे होऊन डुगडुगताहेत असं चित्र डोळ्यांसमोर येतं. खरं म्हणजे बहुतेकदा चकतीतलं पाणी कमी होऊन तिची उंची घटलेली असते. 2015 मध्ये आलेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार कसलंही दुखणं नसलेल्या पन्नाशीच्या माणसांपैकी साधारण 80 टक्क्यांच्या चकत्या झिजलेल्या दिसतात. बाहेर आलेली चकती बऱ्याच जणांत काही महिन्यांत आपोआप आक्रसते. वहिनींचं दुखणं यामुळे खोटं ठरत नाही. नस दबली की कळ खरीच येते. फक्त फोटोतल्या झिजेवरून पुढे काय होणार ते ठरवता येत नाही.

खरी अडचण त्यांच्या आठवड्यात सापडली. दुखणं जरा कमी वाटलं त्या दिवशी त्यांनी दोन तास अंगण झाडलं, कपडे धुतले, विहिरीवरून सहा हंडे आणले. पुढचे तीन दिवस अंथरुणात. चौथ्या दिवशी राहिलेलं काम डोक्यावर घेऊन पुन्हा तेच. बरं वाटलं की झपाटून काम आणि दुखलं की आडवं पडणं, या चक्रात नस चिडकी राहते, स्नायू ढिले पडतात. दुखणं घोड्यावर बसतं आणि आपण मागून धावत राहतो. म्हणून काम कधी थांबवायचं हे दुखण्याला ठरवू द्यायचं नाही, ते घड्याळाने ठरवायचं.

कसं, ते नारळ खवण्यावरून पाहू. विळीवर जमिनीवर बसल्यावर कळ वाढायला किती मिनिटं लागतात, ते वहिनींनी पाच दिवस लिहून ठेवलं: 12, 9, 15, 8, 11. सरासरी 11. त्याच्या साधारण तीन चतुर्थांश, म्हणजे 8 मिनिटं, हे सुरुवातीचं माप. मोबाईलचा गजर 8 मिनिटांवर. वाजला की खवणं अर्धवट असलं तरी उठायचं, दोन मिनिटं फिरायचं. हे सर्वांत जड जातं. "अजून अर्धी वाटी तर राहिलीय," असं म्हणून बसून राहिलं की सगळं माप फसतं. चांगल्या दिवशीही 8, वाईट दिवशीही जमेल तितकं 8. आठवडा नीट गेला तर पुढच्या आठवड्यात 9. चालण्याचंही तसंच. जांभ्याच्या पायऱ्या आणि उताराची पाणंद आधी नको, घरासमोरचं सपाट खळं बरं. 5 मिनिटं, दिवसातून तीनदा.

पाण्याचा प्रश्न सोपा होता. 15 लिटरचा भरलेला हंडा म्हणजे भांडं धरून 15 किलोच्या वर, तोही एका कुशीवर. त्याऐवजी पाच-पाच लिटरचे दोन कॅन, दोन हातांत. फेऱ्या वाढतात, पण कंबर वाकडी होत नाही. रहाटावर पाणी ओढायचं काम मुलाकडे.

घरातल्या माणसांचं काय करायचं, हे मात्र एका भेटीत सुटलं नाही. यजमान एके दिवशी म्हणत, "तू कशाला हात लावू नकोस," आणि दुसऱ्या दिवशी, "काल तर चांगली हिंडत होतीस." सासूबाईंना वाटायचं, लावणी आली की सुनेची कंबर धरते. दोघांनाही बोलावून घेतलं. मोडलेलं हाड लोकांना प्लास्टरमुळे दिसतं, कंबरदुखी दिसत नाही. त्यामुळे रोज पुरावा द्यावा लागतो आणि त्या ताणाने दुखणं आणखी वाढतं, हे समजावलं. दुखतंय का, असं उठताबसता विचारायचं नाही असं ठरलं. त्याऐवजी सकाळी एकदाच वहिनींनी सांगायचं, आजचा दिवस हिरवा, पिवळा की लाल. लाल दिवशी चूल यजमानांकडे, भांडी मुलाकडे. लाल दिवशीही वहिनींनी खळ्यात तीन फेऱ्या मारायच्याच, कारण एक-दोन दिवसांहून जास्त पडून राहिल्याने कंबर आणखी आखडते.

आणि लावणी? चिखलात ओणवं राहून रोपं लावणं त्या वर्षी नाही, हे सासूबाईंसमोरच ठरवलं. पण घरी बसवलंही नाही. बांधावर उंच पाटावर बसून तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या जुड्या बांधायच्या, 8 मिनिटांनी उठायचं. शेतावरून बाहेर पडल्याचं दुःख वहिनींना कंबरेइतकंच होतं. पहिल्याच दिवशी सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "बसून करता हा, पण करता हा." पहिल्या भेटीपासून वहिनी त्याच वाक्याची वाट पाहत होत्या.

गोळ्यांबाबत सर्वांत जास्त चुका होतात. मेडिकलमधून सुटी पुडी घेऊ नये. तिच्यात काय आहे ते कळत नाही, कधी स्टेरॉइडही असतं. डायक्लोफिनॅकसारख्या दोन वेदनाशामक गोळ्या एकत्र घेतल्याने आराम दुप्पट होत नाही. पोटाला आणि मूत्रपिंडाला धोका मात्र वाढतो, आणि रक्तदाब असेल तर जास्तच. वहिनींना डॉक्टरांनी रात्रीची अॅमिट्रिप्टिलिनची छोटी मात्रा दिली होती. "ती वेड्यांची गोळी," असं कुणीतरी सांगितलं आणि त्यांनी ती परस्पर बंद केली. ही गोळी नसेच्या दुखण्यावरही देतात. घ्यायची की थांबवायची ते डॉक्टरांनाच विचारून.

शेकायचं तर पिशवी टॉवेलात गुंडाळून 15 ते 20 मिनिटं. बधिर भागावर किंवा मधुमेह असताना जपून, चटका बसलेला कळत नाही. फळीवर झोपायची गरज नाही, मध्यम घट्ट गादी चांगली. कुशीवर, दोन गुडघ्यांमध्ये उशी. पायाळू माणसाकडून कंबरेवर लाथ मारून घ्यायची पद्धत आपल्याकडे अजून आहे. नस दबलेली असताना हे अजिबात करू नये. कमरेचा पट्टा आणि वजन लावून ताण देणं यांचा जुन्या कंबरदुखीत सरसकट वापर नको, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात. समजावून सांगणं, व्यायाम आणि मानसिक आधार यांना त्यात जागा आहे.

जुलैच्या मध्यावर झोप उडाली. पहाटे तीनला जाग, आणि "ऑपरेशन फसलं तर?" उशाशी वही ठेवायला सांगितलं. विचार लिहायचा, त्याखाली "हे डॉक्टरांना विचारायचं" किंवा "हे आज माझ्या हातात नाही" यांपैकी एक लिहायचं आणि वही मिटायची. जगणं नकोसं वाटू लागलं तर घरच्यांना लगेच सांगायचं, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक कोणत्याही वेळी लावायचा, हेही स्पष्ट बोललो.

शेवटचे दोन आठवडे तारखेच्या तयारीचे. एमआरआयची फिल्म आणि सीडी दोन्ही, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, रेशनकार्ड, आधार. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतो का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारायचं. मधली एखादी तारीख रद्द होऊन मोकळी झाली का, यासाठी आठवड्यातून एक फोन. एसटीत मागच्या चाकावरची सीट टाळायची, कमरेमागे टॉवेलची गुंडाळी, गाडी थांबेल तिथे उभं राहायचं. ओपीडीत वेळ थोडा मिळतो, म्हणून एकाच कागदावर दहा आठवड्यांची मिनिटं आणि तीन प्रश्न: ऑपरेशन न करता किती थांबता येईल, केलं तर पायाची कळ जाईल की कंबरेचीही, आणि व्यायाम कोणता?

डॉक्टरांनी पाय तपासले, कागद वाचला, आणि ऑपरेशनऐवजी आधी सहा आठवडे फिजिओथेरपी सांगितली. वहिनींची कंबर अजून दुखते. दोन आठवडे माप पुढे सरकलं नव्हतं, तरी त्या दिवशी कागदावरचा शेवटचा आकडा होता 15.