११ केव्ही ब्रेकरचा लीव्हर महाग पडतोय, माइल्ड स्टीलचा करू का?

तुमच्या सर्किट ब्रेकरच्या मुख्य शाफ्टवरचा लीव्हर ईएन ८ (मध्यम कार्बन स्टील) च्या अखंड बारमधून मिलिंग करून निघतो आणि खर्च कमी करायला तुम्ही मटेरियल बदलायचं म्हणताय. माझं ऐकाल तर मटेरियलला सगळ्यात शेवटी हात लावा. आधी मशीनखालचा ट्रे बघा. नाशिकला अंबडच्या शॉपमध्ये आम्ही दीड किलोचा तुकडा लावायचो आणि हातात यायचा सहाशे ग्रॅमचा लीव्हर. बाकी सगळ्या चिप्स!

मग ड्रॉइंग काढलं. ज्या बाहेरच्या कडेला काहीच टेकत नाही, तिलाही ±०.०५ मिमी टॉलरन्स (मापात चालणारा फरक) दिलेला. तो सैल केला; फक्त दोन भोकं आणि त्यांच्यातलं अंतर तेवढं काटेकोर ठेवलं.

त्यानंतर दोन लेझर कट प्लेटा, मध्ये बुश आणि वेल्डिंग असं डिझाइन केलं. पहिला लॉट फसला. वेल्डिंगच्या उष्णतेने प्लेटा ओढल्या गेल्या, भोकांची केंद्रं सरकली आणि ब्रेकरचे तिन्ही पोल (तीन फेजचे संपर्क) एका वेळी टेकेनात. ब्रेकरचं आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६२२७१-१०० नुसार बंद होताना (संपर्क जुळताना) पोलांमधला फरक पाव सायकलपेक्षा, म्हणजे ५० हर्ट्झला ५ मिलिसेकंदांपेक्षा, जास्त चालत नाही. उघडताना तर एक-षष्ठांश सायकल, जेमतेम ३.३. तेव्हापासून भोकं अर्धा मिमी कमी ठेवतो आणि वेल्डिंगनंतर जिगमध्ये (तुकडा पक्का धरणाऱ्या साधनात) एकाच सेटिंगला रीम करतो, म्हणजे भोकं नेमक्या मापाला आणतो.

ट्रिप लॅच (ब्रेकरला अडकवून धरणारी खिट्टी) आणि त्याच्या रोलरला मात्र कृपा करून हात लावू नका. ब्रेकर महिनोन्महिने बंद अवस्थेत, म्हणजे संपर्क जुळलेले आणि वीज चालू, असा बसतो आणि फॉल्ट आला की त्याच क्षणी सुटावा लागतो. लॅचची कडा मऊ निघाली तर तिला चर पडतो. मग ब्रेकर साध्या धक्क्याने सुटतो, नाहीतर सुटतच नाही. त्या पॅनेलसमोर कुणीतरी ऑपरेटर उभा असतो हो.

नवा लीव्हर बसवल्यावर यांत्रिक टिकाऊपणाची चाचणी पुन्हा करा: एम १ वर्गाच्या (साध्या) ब्रेकरला २,०००, एम २ वर्गाच्या (जास्त टिकाऊ) ब्रेकरला १०,००० ऑपरेशन. बाहेरच्या लॅबला पाठवण्याआधी स्वतःच्या रिगवर पूर्ण चालवा, आधी आणि नंतर टायमिंग घ्या आणि वेल्डच्या कडेला डाय पेनेट्रंट (तड्यात शिरून तो दाखवणारा रंग) मारून तडा शोधा.

वर्षाला नग किती लागतात तेही कळवा. पन्नास-शंभरच असतील तर जिग आणि चाचणीचा खर्च निघणार नाही. तेव्हा नुसते टॉलरन्स सैल करा आणि थांबा.