पहिलं प्रेम ब्रेकअपनंतर वारलं तर दुःख करायचा हक्क असतो का? यावर एखादी कादंबरी आहे का?

तू लिहिलंयस की ब्रेकअप होऊन बरेच महिने झाले होते, तो गेल्याचं तुला कुणाच्या तरी स्टेटसवरून कळलं, त्याच्या घरी जायची सोय नाही आणि मैत्रिणी म्हणतायत की आता तो तुझा कोण लागत होता, मग एवढं रडायचा हक्क तुला आहे का. वयाने बरीच लहान आहेस म्हणून अगंतुगं करतेय, राग मानू नकोस. हक्क आहे, पूर्ण आहे. आणि नेमकं यावरच एक पुस्तक आहे, अ‍ॅडम सिल्वेरा या अमेरिकन लेखकाचं 'हिस्टरी इज ऑल यू लेफ्ट मी', 2017 साली आलेलं. यंग अ‍ॅडल्टच आहे, म्हणजे तुझ्यासारख्या तरुण वाचकांसाठी लिहिलेलं, भाषा सोपी आहे, कॉलेजचं इंग्रजी जमत असेल तर अडणार नाहीस.

गोष्ट न्यूयॉर्कमधली. ग्रिफिन आणि थिओ आधी मित्र, मग एकमेकांचं पहिलं प्रेम. थिओ कॉलेजसाठी कॅलिफोर्नियाला जायला निघतो तेव्हा ग्रिफिनच ब्रेकअप करतो, मनात असं की हे तात्पुरतं आहे, शेवटी आपण परत एकत्र येणारच. तिकडे थिओला जॅक्सन भेटतो. आणि मग थिओ समुद्रात बुडून जातो. पुस्तक सुरू होतं तेच अंत्यविधीच्या दिवशी, तिथे जॅक्सनही आलेला आहे, आणि ग्रिफिनला कळत नाहीये की आता आपण कोण? बॉयफ्रेंड म्हणून सगळे जॅक्सनचं सांत्वन करणार, पण थिओला आधीपासून ओळखणारा तर हा. दोघंही एकाच मुलासाठी रडतायत आणि दोघांनाही आतून वाटतंय की माझं दुःख जास्त खरं आहे. मी या विषयावर बरंच वाचलंय, पण ही जागा इतकी सरळ पकडलेली मला दुसरीकडे दिसली नाही.

आपल्याकडे तर दुःखाचा सगळा हिशोब नात्यावर चालतो गं. सुतक कुणाला किती दिवस ते भावकीवर ठरतं, दहाव्याला कोण काय करणार तेही ठरलेलं, शेजारच्या काकूसुद्धा भेटून येतात आणि त्यांना कुणी विचारत नाही तुम्ही का आलात, पण जिच्याशी तो रोज रात्री दोन दोन तास बोलायचा तिला जागाच नाही, कारण घरी कुणाला माहीतच नव्हतं. केनेथ डोका नावाच्या अभ्यासकाने 1989 मध्ये यावर पुस्तक काढलं, अशा दुःखाला तो डिसएनफ्रँचाइज्ड ग्रीफ म्हणतो, म्हणजे जे दुःख समाज मोजतच नाही. त्यात घटस्फोट झालेला जोडीदार गेला तर होणारं दुःखही येतं, लपवलेलं नातंही येतं. तुझ्या बाबतीत दोन्ही एकदम झालंय. त्यामुळे 'इतकं का लागलंय मला' म्हणून स्वतःला झोडपू नकोस.

पुस्तकाची रचना मला फार आवडली. एक प्रकरण आजचं, एक मागच्या काळातलं, असं आलटून पालटून. आजच्या प्रकरणांत ग्रिफिन गेलेल्या थिओशीच बोलतो, तू असं म्हणून. थिओला समांतर विश्वांचं वेड होतं, तर ग्रिफिन त्यालाच सांगतो की दुसऱ्या कुठल्यातरी विश्वात तू जिवंत आहेस, पण मी राहतो या खऱ्या जगात. मागच्या प्रकरणांत सुरुवातीचं सगळं गोड गोड येतं, मग हळूहळू कुरबुरी, जेलसी, कोण कुणाला काय बोललं, सगळं. गेलेल्या माणसाला देव करून टाकलेलं नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण माणूस गेला की त्याच्यावर रागावायचीही चोरी होते, आणि तुझं ब्रेकअप झालं होतं म्हणजे राग तर असणारच ना तुझ्या मनात, तो राग आणि रडू दोन्ही एकाच वेळी असू शकतं.

ग्रिफिनला ओसीडी आहे, म्हणजे काही विचार आणि कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा मानसिक आजार, आकडे सम लागतात, चालताना माणसाच्या डाव्या बाजूलाच राहायचं असतं, आणि थिओ गेल्यावर हे सगळं त्याला जास्त जड जातं. ही गंमत म्हणून घातलेली सवय नाहीये, नीट लिहिलंय. तुला स्वतःला असा त्रास असेल तर मात्र जपून वाच.

न आवडलेलंही सांगते. शेवटच्या भागात लपवलेल्या गोष्टी एकामागून एक बाहेर येतात, ते जरा जास्तच झालं, आणि वेड नावाचा तिसरा मित्र आहे त्याच्या वाट्याला हवी तेवढी पानं येत नाहीत. दुःखाच्या भरात घेतलेले शारीरिक जवळिकीचे निर्णयही आहेत, ते वाचताना चिडचिड होईल. माझी झाली, पण खोटं वाटलं नाही.

आणखी एक, त्यातल्या मुलांच्या घरी त्यांचं प्रेम माहीत आहे, मान्य आहे, ग्रिफिनला अंत्यविधीला उभं राहता येतं. तुला तेवढंही मिळालेलं नाही, त्यामुळे तो भाग वाचताना हेवा वाटेल. वाटू दे. तुझ्या दोघांच्या कॉमन मित्रांपैकी कुणी एक जरी माहीतगार असेल तर त्याला फोन कर, त्याच्याबद्दल बोल, घरच्यांकडे जाणं जमलं नाही तरी एवढं जमेल.

पुस्तक एका बैठकीत संपवायचा हट्ट करू नकोस, रात्री तर नकोच, तू लिहिलंयस की झोप लागत नाही. झोप आणि जेवण असंच उडालेलं राहिलं किंवा जगण्यात अर्थ नाही असले विचार यायला लागले तर पुस्तकावर भागवू नकोस, सरकारची टेलिमानस म्हणून मानसिक आरोग्यासाठी हेल्पलाइन आहे, तिचा नंबर 14416, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. तिथे कुणी तुला विचारणार नाही की तो तुझा कोण लागत होता. आणि तो कसा होता, काय बोलायचा, हे कुठेतरी लिहावंसं वाटलं तर इथेच खाली लिही, मी वाचेन आणि उत्तरही देईन.