जांभळा का मळतो

प्रिय,

तुझं अ‍ॅक्रिलिकमधलं रंगचक्र पाहिलं. नारिंगी चांगला उतरलाय, हिरवा चालेल, पण जांभळ्याच्या घरात एक काळपट तपकिरी डाग बसलाय. तू लिहितेस, प्रमाण चुकलं असावं. प्रमाण नाही, जोडी चुकली. कॅडमियम रेड आणि थॅलो ब्लू यांतून स्वच्छ जांभळा निघतच नाही, कितीही घोट. कॅडमियम रेड निळा प्रकाश जवळजवळ सगळा शोषून घेतो आणि थॅलो ब्लू लाल शोषतो. जांभळा दिसायला नेमके हेच दोन प्रकाश डोळ्यापर्यंत यायला हवेत. दोघांनी एकमेकांचं खाल्लं की उरतो तो चिखल.

म्हणून सध्या रंगचक्र बाजूला ठेव. ते शेवटी करायचं काम आहे, सगळे पहिल्या दिवशी करतात. आधी प्रत्येक ट्यूबचा कल ओळखायला शीक.

ट्यूब आठच घे. लेमन यलो (पीवाय ३) हिरव्याकडे झुकतो, कॅडमियम यलो मीडियम (पीवाय ३५) नारिंगीकडे. कॅडमियम रेड (पीआर १०८) नारिंगीकडे, क्विनाक्रिडोन मॅजेंटा (पीआर १२२) जांभळ्याकडे. अल्ट्रामरीन (पीबी २९) जांभळ्याकडे, थॅलो ब्लू ग्रीन शेड (पीबी १५:३) हिरव्याकडे. सोबत टायटेनियम व्हाइट (पीडब्ल्यू ६) आणि बर्न्ट अंबर (पीबीआर ७). कंसातले हे रंगद्रव्यांचे क्रमांक ट्यूबच्या मागे बारीक अक्षरात असतात आणि पुढच्या नावापेक्षा तेच खरे. नावापुढे ‘ह्यू’ लिहिलं असेल तर ती नक्कल असते. सरावाला चालते, पण मागे तीन-तीन क्रमांक असतील तर ती ट्यूब नको. त्यात मिश्रण आधीच झालेलं असतं, तू आणखी एक रंग घातलास की तो चौथा.

पॅलेट म्हणून काचेचा तुकडा घे, कडा घासलेल्या, आणि खाली मध्यम करड्या रंगाचा कागद सरकव. पांढऱ्या पॅलेटवर प्रत्येक मिश्रण असतं त्यापेक्षा गडद वाटतं. शेजारचा रंग डोळ्याला असा फसवतो हे शेव्हरूल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ साली सविस्तर मांडलं. पॅरिसमधल्या गोब्लँच्या विणकामशाळेत काळा धागा फिका पडतो अशी तक्रार होती. काळ्या रंगात दोष नव्हताच, शेजारचे निळे-जांभळे धागे त्याला फिका दाखवत होते.

मिश्रण पॅलेट नाईफनेच कर. ब्रशच्या मुळाशी मागचा रंग दडलेला असतो, तो पुढच्या घरात उतरतो. एक माप ठरव: नाईफच्या टोकावर मावेल तो एक ठिपका. अ‍ॅक्रिलिक लवकर सुकतं, तेव्हा दर काही मिनिटांनी पाण्याचा बारीक फवारा मार. धार पडेल इतकं पाणी मात्र नको, रंग पातळ झाला तर कागदाचा पांढरा खालून दिसतो आणि तुलना बिघडते. कागद जाड, ३०० जीएसएमचा, जेसोचे (रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे) दोन हात दिलेला, त्यावर २ सेंटिमीटरची घरं आख.

पहिला सराव करड्याचा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर साधारण सारखे मिसळले की जवळजवळ काळा होतो. निळसर वाटला तर अंबर वाढव, तपकिरी वाटला तर अल्ट्रामरीन. आता या गडदाचा १ ठिपका पांढऱ्याच्या १६ ठिपक्यांत, मग ८त, ४त, २त, शेवटी १त. निम्मा पांढरा आणि निम्मा गडद म्हणजे मधला करडा, असं वाटतं. करून बघ, तो पट्टीच्या गडद टोकालाच जाऊन बसतो. गडद नेहमी पांढऱ्यात घालायचा, उलट नाही. उलट केलंस तर वाटीभर पांढरा संपेल आणि करडा तरी गडदच राहील. डोळे किलकिले करून पट्टी पाहा, दोन घरं एक होऊन दिसली तर त्यातलं एक पुन्हा कर. हा सराव कंटाळवाणा आहे, टाळू नको. चित्र बिघडतं ते बहुतेक वेळा उजळ-गडदाच्या चुकीने, आणि दोष मात्र रंगाला दिला जातो.

मग जोड्या. दोन लाल आणि दोन निळे म्हणजे चार जांभळे. तसेच चार हिरवे, चार नारिंगी. बारा पट्ट्या, प्रत्येकीत सात घरं. मॅजेंटा–अल्ट्रामरीनचा जांभळा आणि तुझा तो तपकिरी शेजारी-शेजारी सुकू दे. जांभळे ट्यूबमधून आले तसे काळेच दिसतील, म्हणून प्रत्येकाचा एक ठिपका दहा ठिपके पांढऱ्यात मिसळून खाली लाव, कल तिथे उघडा पडतो. हिरव्याच्या पट्टीत थॅलोपासून सांभाळ. लेमन यलोच्या दहा ठिपक्यांत थॅलोचा एक अर्धा ठिपकाही पट्टी ओढून नेतो. समान मापाने सुरुवात केलीस तर सातपैकी पाच घरं सारखीच गडद निघतील. पिवळ्याच्या टोकापासून निघ आणि दर घराला लागलेले ठिपके मोजून लिही.

यातला मळका हिरवा, म्हणजे कॅडमियम यलो आणि अल्ट्रामरीनचा, टाकाऊ समजू नको. झाडीला बहुधा तोच लागतो, थॅलो–लेमनचा हिरवा प्लॅस्टिकसारखा चमकतो. चिखल वाईट नाही, न ठरवता झालेला चिखल वाईट.

रंग मंद करायला काळ्याकडे धावू नको. पिवळ्यात काळा घातलास तर तो गडद पिवळा होत नाही, हिरवट होतो. पूरक, म्हणजे रंगचक्रात समोर येणारा रंग घाल: नारिंगीत अल्ट्रामरीन थोडा थोडा, पिवळ्यात तू केलेला जांभळा. उजळ करतानाही अशीच फसगत होते. टायटेनियम व्हाइटने लाल उजळत नाही, गार गुलाबी होतो. ऊब टिकवायची असेल तर पांढऱ्यासोबत कॅडमियम यलोचा कण हवा.

शेवटी एखाद्या वस्तूचा रंग हुबेहूब जुळव. क्रम मोडू नको: आधी उजळ-गडद, मग रंगाचा कल, मग त्याचा तेजपणा, म्हणजे तो किती चटक की मंद. मनसेल या अमेरिकन चित्रकाराने रंगाची हीच तीन मापं मानली. वस्तूवर पारदर्शक प्लॅस्टिक ठेवून त्यावरच ठिपका लाव. कडा दिसेनाशी झाली की जुळला, पण लगेच खूश होऊ नको. ओल्या अ‍ॅक्रिलिकमधलं माध्यम दुधासारखं पांढुरकं असतं, सुकल्यावर पारदर्शक होतं, म्हणून रंग एक पायरी गडद बसतो. गडद रंगांत हा फरक जास्त जाणवतो. ठिपका हेअर ड्रायरने सुकव, मगच निवाडा कर, आणि मिश्रण अंमळ उजळ ठेव.

प्रत्येक पट्टीमागे ट्यूबचे क्रमांक आणि ठिपके लिही. फोटो दिवसाच्या उजेडात, सावलीत काढ, बल्बखाली नको. पुढच्या वेळी मला चार जांभळे आणि करड्याची पट्टी पाठव, मागची बाजूसुद्धा.