कांस्यमुद्रा? आधी धातू तरी बघा

प्रश्न आला आहे: रोमन सम्राटांच्या ‘ब्राँझ कॉइन्स’ना मराठीत कांस्यमुद्रा म्हणावं की कांस्यनाणी?

आधी ते ‘कांस्य’ सोडा. कांस्य म्हणजे कासं, तांब्यात कथील; तळपायाला तूप चोळायची काशाची वाटी असते ना, ते. ऑगस्टसने इ.स.पू. 23 च्या सुमारास नाण्यांची घडी नव्याने बसवली, तेव्हापासून सेस्टर्शियस आणि दुपोंडियस ही नाणी पितळेची पडू लागली, आस हे नाणं तांब्याचं. ‘ब्राँझ’ ही संग्राहकांची सरसकट बोली आहे. तिचं डोळे मिटून ‘कांस्य’ केलेलं वाचलं की जीव कळवळतो.

मुद्रा म्हणजे ठसा. वेस्पाशियनचा इ.स. 71 चा सेस्टर्शियस घ्या. एका बाजूला सम्राटाचा मुखवटा, दुसरीकडे खजुराचं झाड आणि त्याखाली डोक्याला हात लावून बसलेली बाई. भोवती ‘युदेआ काप्ता’, म्हणजे यहुदिया (ज्यूंचा देश) जिंकली. ही मुद्रा. ती ज्या पितळी चकतीवर उठली, ते नाणं.

आणि ‘नाणे’ हा शब्द काय सुरेख आहे! नाण्याला पाणिनी ‘कार्षापण’ म्हणतो, कौटिल्य ‘पण’ म्हणतो. ‘नाणे’ ज्यातून आला तो ‘नाणक’ भेटतो ‘मृच्छकटिक’ या संस्कृत नाटकात, शकार या खलनायकाच्या तोंडी. कुठून आला? कुषाण सम्राट कनिष्काच्या नाण्यांवर ग्रीक लिपीत देवीचं नाव कोरलंय: नाना. माझ्या मते नाणक तिचाच. काही अभ्यासकांनी हे पूर्वीच सुचवलंय, तरी कोशकार ‘व्युत्पत्ती अनिश्चित’ लिहून मोकळे होतात. आणि प्रत्येक शब्द संस्कृत धातूतूनच ओढून काढणाऱ्यांनी नाणकाचा पटेल असा धातू एकदा दाखवावाच.

देवीवरून नाण्याला नाव पडतं का, असं विचारतात. रोममध्ये पडलंच की! कॅपिटोलिन टेकडीवर जूनो मोनेता देवीचं देऊळ, त्याला लागून टांकसाळ. म्हणून टांकसाळ ‘मोनेता’, नाणंही ‘मोनेता’. इंग्रजीतले मनी आणि मिंट तिथलेच. सम्राट डोमिशियनच्या तांब्याच्या आसवर ती स्वतः उभी आहे, एका हातात तराजू, दुसऱ्या हातात समृद्धीचं शिंग.

कनिष्काचा पणजोबा कुजुल कडफिसेस. त्याच्या काही तांब्याच्या नाण्यांवर चक्क रोमन सम्राटाच्या धर्तीचं मस्तक आहे. त्याला ‘रोमन मुद्रेचं कुषाण नाणं’ म्हणा. दोन्ही शब्द आपापल्या जागी बसतात.