वाचकांचे प्रश्न : उडी लांब, पण झेंडा लाल

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे, लांब उडी मारते. शाळेच्या ग्राउंडवर मस्त जाते, पण स्पर्धेत सिंथेटिक ट्रॅकवर तिन्ही उड्या फाऊल दिल्या. तिसरी तर सगळ्यांत लांब पडलेली, पायाचं टोक जेमतेम पुढे होतं. एवढ्याशासाठी अख्खी उडी बाद? – एक पालक, साखळी

उत्तर : वाईट वाटणारच हो, पोर वर्षभर राबते आणि लाल झेंडा बघून घरी येते. पण नियम तसाच आहे. उडी मोजतात ती टेक-ऑफ बोर्डच्या (पाय टेकून उडायची पट्टी) पिटकडच्या, म्हणजे वाळूच्या खड्ड्याकडच्या कडेपासून, पाय कुठून उचलला तिथून नाही, म्हणजे दहा सेंटीमीटर मागून उडाली तर ते दहा गेले आणि कडेच्या पुढे गेली तर सगळंच गेलं. बोर्डची रुंदी फक्त 20 सेंटीमीटर. आधी पुढच्या प्लॅस्टिसिनवर (मऊ मातीसारखी पट्टी) बुटाचा ठसा उमटला की फाऊल द्यायचे, 2021 च्या नोव्हेंबरपासून त्या कडेच्या वर हवेतसुद्धा बूट पुढे गेला तरी फाऊल.

आता तुमच्या पोरीचं. शाळेची तांबडी माती पाय थोडा खाते, सिंथेटिकवर तेच पाऊल लांब पडतं, त्यात स्पर्धेचा जोश, मग बारा-चौदा पावलांत मिळून पाय बोर्डच्या पुढे जाणारच. म्हणून स्पर्धेच्या दिवशी लवकर जाऊन रनअप, म्हणजे उडीआधीची धाव, परत मोजायचा. बोर्डकडे पाठ करून तेवढीच पावलं फुल स्पीडने पळायचं, शेवटी उडीचा पाय कुठे पडतो ते कुणीतरी बाजूला उभं राहून बघायचं, तिथे टेपची चिकटपट्टी लावायची. मग तिथून बोर्डकडे पळून बघायचं, पाय वीतभर पुढे पडला तर पट्टी वीतभर मागे, एवढं सोपं आहे. आणि बोर्डकडे खाली बघत पळू नको म्हणावं, बघितलं की शेवटची पावलं आखडतात आणि स्पीड जातो.

तसं हे मोठ्यांचंही दुखणं आहे. 2023 च्या बुडापेस्ट वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये जवळपास तिसरा हिस्सा उड्या फाऊल गेल्या, म्हणून 2024 ला वर्ल्ड ॲथलेटिक्सने बोर्डऐवजी मोठा टेक-ऑफ झोन ठेवून जिथून पाय उचलला तिथून मोजायची कल्पना काढली. अमेरिकेचा लांब उडीचा दिग्गज कार्ल लुईस त्यावर जाम भडकला, आणि मला त्याचंच पटतं. पूर्ण वेगात येऊन त्या पट्टीवर पाय बसवणं हीच तर या खेळातली सगळ्यात कठीण गोष्ट, ती काढली तर उरलं काय?

प्रश्न : वाऱ्याने उडी वाढते तर रेकॉर्ड कसा मानतात? – कॉलेजचा विद्यार्थी, वास्को

उत्तर : पाठीमागचा वारा सेकंदाला 2 मीटरपेक्षा जास्त असला तर रेकॉर्ड धरत नाहीत, पण त्या स्पर्धेत उडी चालते. 1991 ला टोकियोत लुईसने 8.91 मीटर मारली, वारा 2.9, त्यामुळे बॉब बीमनचा 1968 चा 8.90 चा रेकॉर्ड तसाच राहिला. आणि थोड्याच वेळात माईक पॉवेलने 8.95 मारली, वारा फक्त 0.3! तो वर्ल्ड रेकॉर्ड अजून आहे. बीमनच्या वेळी मेक्सिकोत वारा मोजला तो बरोब्बर 2.0, तोही विरळ हवेत, पण नियमात बसला म्हणजे बसला.

प्रश्न : वाळूत मागे हात टेकला तर तिथून मोजतात का? आणि आपल्याकडचं बेस्ट कुणाचं? – आठवीची विद्यार्थिनी, पेडणे

उत्तर : हो गं, बोर्डच्या सगळ्यात जवळची खूण धरतात, मग ती हाताची असो की बसल्याची. म्हणून पडताना पुढे किंवा बाजूला लोळायचं. आणि उठून पिटमधून बोर्डकडे मागे चालत यायचं नाही, तोही फाऊल, पुढून बाहेर निघ. मुलींमध्ये भारताचा रेकॉर्ड अंजू बॉबी जॉर्जचा, 6.83 मीटर, 2004 अथेन्स ऑलिम्पिक. त्याच्या आदल्या वर्षी पॅरिसला तिने वर्ल्ड चॅम्पियनशिपचं ब्राँझ आणलेलं, 6.70 वर.